ब्रेकमधलं लाल तेल

गोपाळराव मेश्रामांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो खोटा नव्हता. एका सरकारी खात्याच्या गॅरेजात त्यांनी चौतीस वर्षं जीपगाड्यांचे ब्रेक केले, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली एकही गाडी ब्रेकपायी कुठे आदळली नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी नारी रोडवर ‘ब्रेकवाले मेश्राम’ कुठे राहतात म्हणून विचारलं तर शेंबडं पोरही घर दाखवायचं. अशा माणसाच्या घरात पोरीचा हात ब्रेकपायी मोडला. कोणाच्या चुकीनं मोडला, हे घरात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

पायल त्यांची धाकटी. सव्वीस वर्षांची. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. हात असा हलका की म्हातारी माणसं नंबर सोडून तिच्यासाठी थांबून राहायची. पहिल्या वर्षाच्या पगारातून तिनं डिस्क ब्रेकची सायकल घेतली आणि रोज पहाटे सेमिनरी हिल्सचा चढ चढून यायची. जानेवारीत पुढचा ब्रेक स्पंजासारखा दबायला लागला. दुकानात न टाकता तो घरीच करायचा असं तिनं ठरवलं, आठवडाभर वाचलं, व्हिडिओ पाहिले, आणि एका रविवारी व्हरांड्यात पोतं अंथरून बसली. समोर दोन सिरिंजा, बारीक नळ्या, आणि शरबतासारख्या लाल तेलाची बाटली.

गोपाळराव चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. ब्रेक उघडलेला असताना ते आत स्वस्थ बसतील कसे?

“हे लाल काय होय वं?”

“मिनरल ऑईल, बाबा. याच्यात हेच टाकतात.”

“ब्रेकमधे तेल?” गोपाळराव हसले. “बाजारात ब्रेक ऑईल म्हंते लोक, पण ते तेल नसते बेटा. खरं तेल टाकलं का रबर फुगते. मंग ब्रेक लागत नाही.”

“ते तुमच्या जीपचं झालं. सायकलींमधे दोन परकार राहतात. काहींत तुमचं जीपमधलं डॉटवालं चालते, काहींत हे. आपल्या मनानं निवडता येत नाही, ज्याचं त्यातच टाका लागते. पाहा ना, लिव्हरवरच कोरून ठेवलं आहे.”

चष्मा आत टीव्हीवर होता. गोपाळरावांनी लिव्हरजवळ डोळे नेऊन वाचल्यासारखं केलं आणि मान हलवली. पायलनं एका सिरिंजेतून तेल ढकललं, दुसरीतून ओढलं, नळीवर टिचक्या मारून एकेक बुडबुडा वर आणला. दिवसभर सिरिंज धरणाऱ्या पोरीला हे काम काय शिकवायचं! तासाभरात लिव्हर कडक झाली. तिनं ती बापाला दाबून दाखवली, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण गोपाळरावांच्या डोक्यातून ते लाल तेल जाईना.

त्याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव रुपराव. छत्तीस वर्षांपूर्वी गॅरेजातल्या रुपरावनं घाईत भलत्याच डब्यातलं तेल जीपच्या ब्रेकमध्ये ओतलं. चौथ्या दिवशी ती जीप कुहीच्या रस्त्यावर धानाच्या बांधीत गेली आणि ड्रायव्हर जन्मभरासाठी लंगडा झाला. रिपोर्ट गोपाळरावांनी लिहिला आणि रुपरावची नोकरी गेली. ही गोष्ट त्यांनी पोरांना शंभरदा सांगितली होती, हलगर्जीपणा कसा नडतो म्हणून. रुपराव त्याच दिवशी साहेबापुढे उभा राहून “माह्याच हातून झालं” म्हणाला होता, तेवढं मात्र ते एका वाक्यात उरकून टाकायचे.

सोमवारी पायल बसनं कामावर गेली. गोपाळरावांनी मुलाच्या मोटरसायकलसाठी आणलेली डॉटची बाटली काढली, तिच्याच सिरिंजा घेतल्या, लाल तेल ओढून मोरीत टाकलं आणि ब्रेक आपल्या पद्धतीनं भरला. काम चोख झालं. बुडबुडा म्हणून राहिला नाही. पोरीचा जीव वाचवला असंच त्यांना वाटलं, आणि दुपारी ते सुखानं झोपले. सांगितलं असतं तर ती भांडली असती. पुढे कधीतरी हसत हसत सांगू, असा त्यांचा बेत होता.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे सेमिनरी हिल्सच्या उतारावर लिव्हर थेट मुठीला जाऊन टेकली. एकट्या मागच्या ब्रेकनं वळणावर सायकल काही आवरली नाही. पायल कठड्यावर आदळली आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात आईबापाला पाहिल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे:

“बुडबुडा राहिला असन, बाबा. मले दिसला कसा नाही?”

त्या दुपारी गोपाळरावांनी सायकल ऑटोत घालून घरी आणली, चष्मा लावला आणि लिव्हर उलटी केली. बारीक अक्षरं होती, पण कोरलेली, स्वच्छ. ‘फक्त मिनरल ऑईल.’ इंग्रजीत होती म्हणून काय झालं, चौतीस वर्षं त्यांनी इंग्रजी डबेच वाचले होते. त्यांनी लिव्हर खोलली. आतलं रबर भिजवलेल्या वाटाण्यासारखं टम्म फुगलं होतं. जीपच्या रबराला जे विष होतं तेच या रबराचं अन्न होतं, आणि जीपचं अन्न याचं विष. पोरगी अगदी हेच सांगत होती. त्यांनी सगळं होतं तसं जोडलं, हात साबणानं दोनदा धुतले आणि आत येऊन बसले.

“त्या सोमवारी तुम्ही सायकलजवळ काय करून राहिले होते?” बायकोनं, कौसल्याबाईंनी, रात्री वाढता वाढता विचारलं.

“हवा पाहून राहिलो होतो,” गोपाळराव म्हणाले.

खोटं इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला. प्लास्टर निघाल्यावर सांगू म्हणता म्हणता दीड महिना गेला. पायल मात्र रोज जेवताना तेच उगाळायची. नळी वाकली होती का, टिचकी कमी पडली का, स्क्रू आवळायच्या आधी हवा शिरली का. गोपाळराव ताटात बघत ऐकायचे आणि म्हणायचे, “जाऊ दे ना आता.” एवढं बोलण्यापुरती हिंमत होती त्यांच्यात, त्याच्यापुढे नाही.

मार्चअखेर ते शुगर तपासायला लॅबमध्ये गेले. दर तीन महिन्यांनी त्यांचं रक्त पायलच काढायची. दुसऱ्या कोणाला ते दंडाला हात लावू देत नसत. त्या दिवशी पायल रिपोर्ट द्यायच्या काउंटरवर बसली होती.

“हात तं बरा झाला म्हंते डॉक्टर,” गोपाळराव म्हणाले.

“हात बरा आहे, बाबा. मीच मॅडमले सांगतलं, मले इथंच बसू द्या म्हणून.” ती खाली बघून पावतीवर शिक्का मारत होती. “सुई धरली का मले तेच आठवते. ज्याले बुडबुडा दिसत नाही त्यानं कोणाच्या अंगात सुई टोचू नये. कामिनी काढन तुमचं रक्त.”

कामिनीनं दोनदा टोचलं. गोपाळरावांना ते दुखलं नाही. पोरीचा हात आपण दोनदा मोडला, एकदा त्या उतारावर आणि एकदा गप्प बसून, हे त्यांना तिथं बाकावर बसल्या बसल्या लख्ख कळलं. तरीही ते पावती खिशात घालून घरी आले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पायलनं सायकल विकायला काढली. घ्यायला आलेली मुलगी कॉलेजातली होती, मोनाली नावाची. बरोबर कोणी नव्हतं. गोपाळराव अंगणात कूलरची जुनी खस काढत होते.

“पुढचा ब्रेक दुकानात दाखवून घेजो,” पायल तिला सांगत होती. “हा मी घरी केला होता. मले जमला नाही. त्याच्यातच पडली मी.”

मोनालीनं लिव्हर दाबून पाहिली. “थोडा तं लागून राहिला, ताई. दुकानापर्यंत चालवतच नेते.”

गोपाळरावांच्या हातातली खस खाली पडली. त्या पोरीच्या वाटेत कडबी चौकाचा पूल होता, आणि पुलाचा उतार त्यांना डोळ्यांपुढे दिसला.

“नको नेऊ,” ते म्हणाले. “पायल, तुले जमला होता. ब्रेक तू बरोबर केला होता.”

पायलनं मान वळवली.

“दुसऱ्या दिवशी मी तुह्यं तेल काढून टाकलं. डॉट भरलं. मले वाटलं का तूच चुकून राहिली. रबर फुगलं, म्हणून ब्रेक गेला. मी खोलून पाहिलं तवाच समजलं मले.”

मोनाली बिचारी अवघडली, “मी मंग येते ताई,” म्हणाली आणि फाटक लावून निघून गेली. कौसल्याबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

“खोलून कधी पाहिलं?” पायलनं विचारलं.

“तू पडली त्याच दिवशी.”

“दोन महिने झाले बाबा.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “मी रोज तुमच्यासमोर बसून म्हणत होती का माह्या हातात दोष आहे. तुम्ही आयकत राहिले. मी सुई सोडली तरी आयकतच राहिले.”

“हो.”

“मले इचारलं काहून नाही? आणि नाही इचारलं तं नाही, मंग सांगतलं काहून नाही? रुपरावनं तं त्याच दिवशी सांगतलं होतं.”

शंभर वेळा सांगितलेल्या गोष्टीतलं तेच एक वाक्य पोरीनं लक्षात ठेवलं असेल, असं गोपाळरावांना कधी वाटलं नव्हतं.

पायल आत गेली आणि लाल तेलाची अर्धी उरलेली बाटली घेऊन आली. सायकलजवळ उकिडवी बसली. बराच वेळ लिव्हरवरची अक्षरं अंगठ्यानं चाचपत राहिली.

“हे डॉट सगळं धुवून काढलं आणि हेच तेल परत भरलं,” तिनं वर न बघता विचारलं, “तं होते काय बरोबर?”

हो म्हणावं असं त्यांच्या फार मनात आलं. पण ब्रेकच्या बाबतीत आणखी एक खोटं बोलायची त्यांची छाती झाली नाही.

“नाही होत,” ते म्हणाले. “रबर एकदा फुगलं का फेकाच लागते. धुवून उपेग नाही.”

तिनं मान हलवली आणि बाटलीचं झाकण लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कामावर गेली. संध्याकाळी कौसल्याबाईंनी सांगितलं, पायलनं काउंटर सोडलं, परत रक्त काढायला बसली. गोपाळरावांना इतकं हलकं वाटलं की ते मोरीत जाऊन एकटेच रडले.

जूनअखेर शुगरची तारीख आली. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. लॅबमध्ये गर्दी होती. पायल एकामागून एक माणूस हातावेगळा करत होती. सुई कधी गेली आणि कधी निघाली, ते लोकांना कळतही नव्हतं. एका म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि पायल हसली. बाकावर बसून गोपाळराव हे बघत राहिले, डोळे भरून.

त्यांचा नंबर आला. ते खुर्चीत बसले, बाही वर केली आणि दंड पुढे केला. पायलनं रक्ताची नळी उचलली, तिच्यावर त्यांचं नाव स्वच्छ अक्षरांत लिहिलं, तारीख टाकली.

“कामिनी,” तिनं हाक मारली, “यांचं तू काढ.”

आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.