नारिंगी शिंगं

फोन वाजला तेव्हा तो लिंबाच्या झाडावर औषध मारत होता.

"बाबा, आई गेली," मुलगी रुग्णालयातून म्हणाली.

त्याने पंप खाली ठेवला. पायाशी दोन हिरव्या अळ्या वळवळत पडल्या होत्या. तशा वेळीसुद्धा त्याच्या अंगावर काटा आला आणि पाय आपोआप मागे सरला. बायको आठ दिवस रुग्णालयात होती. ती परत यायच्या आत ही घाण एकदाची संपवायची, असं त्याने ठरवलं होतं.

त्याचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढी स्प्रिंग बसवायचा, पण किडा दिसला की तोंड फिरवायचा. बायकोला नेमका तोच नाद. मोबाइलला छोटं भिंग अडकवून ती तासन् तास बागेत उकिडवी बसायची. झाडावरचे लाल-काळे ढेकूण, तांब्यासारखा चमकणारा भुंगा, पिवळ्या ठिपक्यांची केसाळ अळी. एकेकाचे डोळे अन् पाय मोजता येतील असे फोटो. ते दाखवायला मुहूर्त जेवणाचाच.

"बघा तरी, रंग कसा आहे!"

"घास तरी गिळू दे."

कोपऱ्यावरच्या वाचनालयाने भिंतीवर लावायला तिच्याकडे बारा फोटो मागितले होते. अकरा झाले. बारावा तिला लिंबावरच्या अळीचा हवा होता. त्या अळीला डिवचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि लगेच आत जातात. एकटीने डिवचायचं आणि फोटोही काढायचा, हे काही जमत नव्हतं.

"अहो, तुमचा हात कसा स्थिर आहे. नुसतं बोट लावा, फोटो मी घेते."

"मी? त्या शेंबडाला?"

"बरं, चिमट्याने लावा."

"आणि त्याच चिमट्याने उद्या लोकांची घड्याळं उघडू?"

ती खूप हसली. पुन्हा तिने विचारलं नाही.

ती गेल्यावर दीड महिन्याने मुलीने अकरा फोटो चौकटीत बसवून आणले. बारावी चौकट रिकामीच होती.

"अकराच देऊ का, बाबा?"

"थांब जरा."

तेव्हापासून तो रोज सकाळी लिंबापाशी जायचा. आधी पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं. तीच अळी. मग ती हिरवी झाली, लठ्ठ झाली. ती पान खात असताना बघून त्याचा चहा तसाच राहायचा.

रविवारी फोटो काढायला मुलगी यायच्या आधी त्याने बोट लावून पाहिलं. थंड, मऊ, आतून भरलेलं. नारिंगी शिंगं सटकन बाहेर आली, ओली, बोटाला चाटून गेली. आंबूस, कुजका भपकारा आला. तो कुंडीवर वाकला आणि ओकला.

तोंड पुसायला हात वर नेला, तो तसाच थांबला. त्याने बोट पुन्हा नाकाशी धरलं.

हा वास त्याच्या ओळखीचा होता. ती आजारी पडायच्या आधी, जेवायला वाढताना तिच्या बोटांना यायचा. चार-पाच दिवस येत होता. "कसला घाणेरडा वास येतोय? आधी हात धुऊन ये," असं म्हणून त्याने ताट सरकवलं होतं. ती उठून हात धुऊन आली होती.

मुलगी आली ती आईचा मोबाइल हातात घेऊनच.

"दाखवा कुठंय. तुम्ही बोट लावा, मी फोटो घेते."

"आज नको. दमलीय ती. आता नाही काढायची शिंगं."

मग मुलीने जेवायला ताटं वाढली. तो पहिलाच घास उचलत असताना तिने नाक मुरडलं.

"ई, बाबा! हात नाही धुतलेत?"

"असू दे," तो म्हणाला, आणि त्याच हाताने जेवला.

अकरा चौकटी वाचनालयात लागल्या. बारावा फोटो काढायचा राहिला आहे.