अकरा विद्यापीठं आणि एक पट

थोरलीने भावाच्या नखांतलं सिमेंट काडीने काढायला घेतलं, तेवढ्यात बैठकीच्या खोलीचं दार उघडून शिपाई म्हणाला, "अजून वीस मिनिटं. व्हॉलीबॉलवाल्यांचं चाललंय."

"वीस मिनिटांत दुसराही हात होईल," ती म्हणाली आणि पुढचं बोट धरलं.

"ताई, सोड ना. मी फरश्या बसवतो हे त्यांना कळलं तर काय बिघडणार आहे?"

"काही बिघडत नाही. पण आज तू राज्यविजेता म्हणून आलायस. जरा तसा दिस."

"राज्यविजेता होतो तेव्हा मला धड मिसरूडही फुटलं नव्हतं," धाकटा म्हणाला. पण हात पुढे केला. बत्तीस वर्षांच्या त्या आडव्या अंगाच्या माणसाला बहिणीशी वाद घालायची सवय नव्हती. त्याने घातलेला कोट मेहुण्याचा होता आणि पाठीवर असा ताणला होता, की तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

थोरलीचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायचे, काचा घासायच्या, फ्रेम वाकड्या झाल्या की सरळ करायच्या. सहा वर्षांपूर्वी तिथे एक शाळकरी मुलगी नंबर काढायला आली. समोरच्या पाटीवरची मोठी अक्षरंही तिला वाचता येईनात. थोरलीने तीन वेळा काच बदलली आणि मग तिच्या लक्षात आलं, की डोळ्यांत पाणी आहे. मुलगी शाळेच्या संघात कुस्ती खेळायची. परीक्षा संपली की शाळा संपणार होती आणि शाळेबरोबर कुस्तीही. राज्यात सरकारी विद्यापीठं अकरा; संघ व्हॉलीबॉलचे, तिरंदाजीचे, एके ठिकाणी तर होडी वल्हवण्याचाही. कुस्तीचा एकही नाही.

धाकट्याचंही असंच झालं होतं. सतराव्या वर्षी राज्यात पहिला आला आणि पुढच्या वर्षी मामाच्या हाताखाली फरश्या बसवायला लागला. थोरलीने त्या संध्याकाळी दुकान बंद केलं आणि काचेच्या टेबलावरच पहिलं पत्र लिहिलं. त्यानंतर अकराही विद्यापीठांना ती लिहीत राहिली. सात जणांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी तिच्या तळमळीचं कौतुक करून विषय संपवला. अकराव्याने मात्र आज बोलावलं होतं.

शिपायाने दार उघडलं. "या. कुस्तीवाले."

आत लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधोमध कुलगुरू, साठीच्या, काटकुळ्या बाई. आयुष्य खडकांचा अभ्यास करण्यात गेलेलं, त्यामुळे समोरच्या कागदांवर वजन म्हणून तऱ्हेतऱ्हेचे दगड ठेवलेले. डावीकडे क्रीडा संचालक. एके काळचे बॅडमिंटनपटू, अजूनही शिडशिडीत. उजवीकडे संख्याशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांना जेवणानंतरची पेंग आवरत नव्हती.

"मी आधीच सांगतो," संचालक म्हणाले, "आमच्याकडे एकच बंदिस्त हॉल आहे आणि तो बॅडमिंटनचा आहे. दुसरं म्हणजे, मुलं येणार कुठून? शाळेत खेळले म्हणून पुढेही खेळतील असं थोडंच आहे?"

"विचारलंय मी त्यांना," थोरली म्हणाली.

"कुणाला?"

"गेल्या वर्षी शाळा संपवलेल्या सगळ्या कुस्तीगिरांना. दोनशे बारा आहेत."

प्राध्यापकांचे डोळे उघडले. "त्यातले निवडक घेतले असतील ना?"

"नाही हो, सगळेच. चौघांचे फोन लागले नाहीत. त्यांच्या घरी गेले."

"घरी गेलात?" ते आता ताठ बसले. "मग?"

"एकशे एकोणीस जणांनी पुढे शिकायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यांना विचारलं, विद्यापीठात कुस्तीचा संघ असता तर? ब्याऐंशी जण म्हणाले, मग आलो असतो. एक जण तर म्हणाला, संघात घेणार असतील तर तत्त्वज्ञानसुद्धा शिकेन."

कुलगुरूबाई मोठ्याने हसल्या. "तत्त्वज्ञान विभागाला हे कळवायला हवं. त्यांच्याकडे यंदा नऊच प्रवेश झालेत." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "तुम्ही राज्यविजेते. संघ नव्हता म्हणून तुमचा खेळ सुटला. फार हळहळ वाटत असेल, नाही?"

थोरलीने घरी त्याच्याकडून या प्रश्नाचं उत्तर चार वेळा म्हणवून घेतलं होतं. धाकट्याने तोंड उघडलं, मिटलं, कोटाची बटणं काढली आणि मोकळा श्वास घेतला.

"खरं सांगू का? नाही वाटत."

थोरलीने टेबलाची कड धरली.

"मला फरश्या बसवायला आवडतं. सांध्याला सांधा जुळला की बरं वाटतं. कुस्तीचा शाळेतच कंटाळा आला होता. शाळा सुटली तेव्हा सुटलो म्हणालो मनात. हिला सांगायचा धीर झाला नाही, एवढंच."

"मग मिटलंच की!" संचालकांनी पेनाला टोपण लावलं.

"मिटलं कसं?" धाकटा म्हणाला. "हिने माणूस चुकीचा आणला, एवढंच म्हणतोय मी. स्पर्धेत मला कोणी पाडायचं नाही. घरी मात्र मी रोज पडायचो. ही मला मैदानावर सोडायला यायची, पायऱ्यांवर बसून सगळं बघायची आणि घरी आल्यावर गादी ओढून तेच डाव माझ्यावर करायची. माझा सराव, माझा सराव म्हणून. मला पक्कं ठाऊक आहे, राज्यात पहिला नंबर आमच्या घरातच होता. फक्त माझा नव्हता."

"काहीतरी बोलू नकोस," थोरली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"बोलत नाही. दाखव."

"इथे?"

"गालिचा चांगला जाड आहे. मी आत येतानाच बघितलंय. खाली फरशी जरा उंचसखल बसवलीय, पण चालेल."

संचालकांनी अपेक्षेने कुलगुरूंकडे पाहिलं, की आता त्या हा पोरकटपणा थांबवतील. कुलगुरूबाईंनी शांतपणे एक दगड उचलून बाजूला ठेवला, म्हणजे समोरचं नीट दिसेल.

थोरलीने चष्मा काढला. ठेवायला जागा सापडेना, म्हणून तो संचालकांच्या हातात दिला. पायातल्या चपला भिंतीशी लावल्या. धाकट्याने कोट खुर्चीवर टाकला, गुडघ्यांत वाकला आणि दोन्ही हात पुढे केले. क्षणभर ती नुसती उभी राहिली. मग तिचे खांदे खाली आले, मान आत गेली आणि ती दिसेनाशीच झाली. पुन्हा दिसली तेव्हा तिचा खांदा त्याच्या पोटाला लागला होता, एका हाताने त्याचा गुडघा मागून ओढला होता आणि तो ऐंशी किलोंचा माणूस गालिच्यावर अलगद पाठीवर पडला होता.

"याला पट काढणं म्हणतात," तो खालूनच म्हणाला. "आणि मी मुद्दाम पडलो नाही. आईशप्पथ."

प्राध्यापकांनी टाळी वाजवली आणि मग आजूबाजूला पाहून थांबवली.

कुलगुरूबाई टेबलावरून पुढे झुकल्या होत्या. "तुमचा दुसरा हात त्यांच्या मानेखाली होता. तो कशाला?"

थोरलीला धाप लागली होती. "डोकं आपटू नये म्हणून. पाडणं फारसं अवघड नसतं, बाई. समोरच्याला इजा न होऊ देता पाडायचं, ते शिकावं लागतं. पहिली दोन वर्षं त्यातच जातात."



"तुम्ही स्वतः कुठे खेळलात?" कुलगुरूंनी विचारलं.

"मी? नाही, मी नाही खेळले. आमच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता. मी फक्त त्याचा सराव घ्यायचे."

कुलगुरूबाईंनी ठरावाचा कच्चा कागद ओढला आणि "मुलांचा" या शब्दाच्या आधी "मुलींचा व" असं बारीक अक्षरात लिहिलं. मग संचालकांना म्हणाल्या, "बॅडमिंटन सात वाजता संपतं ना? मग सातच्या पुढे गाद्या अंथरा. आणि या ठरावाची प्रत बाकीच्या दहाही कुलगुरूंना जाऊ दे. त्यातल्या दोघांना मी शिकवलंय. ते उत्तर देतील."

संचालकांनी मान डोलावली. ते अजून चष्मा दोन्ही हातांत जपून धरून बसले होते.

"वयाची काही अट?" प्राध्यापकांनी विचारलं. आकडा राहून गेला की त्यांना चैन पडत नसे.

"स्पर्धेला आहे," संचालक म्हणाले. "सरावाला कशाला हवी? ज्याचा इथे प्रवेश आहे, तो येऊ शकतो." आणि स्वतःच्याच उदारपणाचं त्यांना थोडं नवल वाटलं.

थोरलीने त्यांच्याकडून चष्मा परत घेतला, चपला घातल्या आणि दोघं निघाली. बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. धाकट्याने कोटाची घडी करून बहिणीच्या हातात दिली.

"आधी का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"सांगणार होतो. पण तू सहा वर्षं एवढी खुशीत होतीस. फोन काय, पत्रं काय. म्हटलं, चालू दे."

"अरे, मग मी भांडत कोणासाठी होते?"

"मला काय विचारतेस?" त्याने मान चोळली. "मी निघतो. एका स्वयंपाकघराची फरशी अर्धी टाकून आलोय. ती बाई माझ्या नावाने ओरडत असेल. तू बसने जाशील ना?"

"जाईन."

तो निघाला. फाटकाशी वळून त्याने दोन्ही मुठी वर केल्या. ती हसली, तिनेही एक मूठ वर केली आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

बसथांबा उजवीकडे होता. ती डावीकडे वळली. तिथे बैठ्या इमारतीला चार खिडक्या होत्या आणि शेवटच्या खिडकीवर लिहिलं होतं, सायंकाळचे वर्ग, प्रवेश चालू. रांग नव्हती. आतल्या बाईने मान वर न करता अर्ज सरकवला.

"मुलासाठी की मुलीसाठी?"

थोरलीने पेन काढलं. ती उभ्याउभ्याच अर्ज भरू लागली. नाव, पत्ता, शाळा सोडल्याचं साल. 'अर्ज भरणाऱ्याचं विद्यार्थ्याशी नातं' या रकान्यापाशी तिचा हात थांबला. मग तिने लिहिलं, स्वतः.

आतल्या बाईने अर्ज फिरवून वाचला. मग पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"खेळणार असाल तर मागची बाजूही भरायची."

तिने कागद उलटला. खेळ, या शब्दापुढे लिहायला तिला वेळ लागला नाही. त्याखालचा रकाना वजनाचा होता. पेन त्यावर टेकलं आणि तसंच राहिलं.

तिने खिडकीत वाकून विचारलं, "इथे कुठे वजनकाटा आहे का हो?"