झेलांचा मास्तर

चेंडू तळव्याच्या खोलगट भागात नीट विसावला की एक भरीव, ओलसर आवाज होतो. बोटांच्या पेरांवर आदळला तर कोरडा, हाडाचा. मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात, दवाने भिजलेल्या मैदानाकडे पाठ करून उभा असलेला प्रभाकर हे दोन आवाज अचूक ओळखतो आणि मागे न वळताच म्हणतो, पेरांवर घेतलास. मुलं चकित होतात. मी होत नाही. कारण तेहेतीस वर्षं हा माणूस माझ्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे आवाजही असेच ऐकत आलाय, आणि कुठलं पातेलं रागाने आपटलं गेलं हे त्याला न सांगता कळतं.

प्रभाकर राऊळ माझा नवरा. मुलुंडच्या एका कॉलेजच्या क्रिकेट संघाला तो झेल घ्यायला शिकवतो. फक्त झेल. फलंदाजीला वेगळे सर, गोलंदाजीला वेगळे, आणि या साऱ्यांच्या माथ्यावर एक मुख्य प्रशिक्षक. पहाटे मैदान, मग दिवसभर ऑफिस, असा त्याचा क्रम तीन दशकं चालला. दोन वर्षांपूर्वी ऑफिस संपलं, मैदान उरलं. आम्ही दोघं घाटकोपरच्या एकाच चाळीत वाढलो, दोघांचेही वडील गिरणीत, त्यामुळे लग्नानंतरही अहो-जाहो काही जिभेवर बसलं नाही. मी शाळेत मराठी शिकवत होते. शब्द माझ्याकडे पोत्याने होते आणि त्याच्याकडे चिमूटभर, म्हणून संसारात बोलण्याचं खातं माझ्याकडेच आलं, आणि ते मी जरा जास्तच चालवलं.

त्याचे हात पाहिलेत तर तुम्हाला हा माणूस निम्मा कळेल. उजवी करंगळी दोनदा मोडून बाहेरच्या अंगाला वळलेली, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, आणि एवढं सगळं सोसूनही तळवे मात्र विलक्षण मऊ. शरदाचं ऊन कडक होऊ लागलं की तो मुलांना मुद्दाम सूर्यासमोर उभं करतो. हेमंतात चेंडू बादलीत भिजवून देतो, कारण दव कुणाचीच गय करत नाही. नव्या मुलाला आठवडाभर तो चेंडू फेकतच नाही, नुसता त्याच्या ओंजळीत ठेवतो आणि परत घेतो, ठेवतो आणि परत घेतो. समोरच्याने दिलेलं अंगावर येतंय असं न वाटता आपल्याकडे येतंय असं वाटायला हवं, हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. आणि तेसुद्धा मी त्याला इतकं सुबक शब्दांत मांडून दिलंय, तो नुसतं म्हणतो, हात सैल ठेव रे.

मला मात्र त्याचं हे सैल असणंच सलत आलं. त्याच्या डोळ्यांदेखत तीन मुख्य प्रशिक्षक आले, त्यांतले दोन त्याच्याहून वयाने लहान, आणि दर वर्षीच्या संघाच्या छायाचित्रात हा आपला शेवटच्या रांगेत, कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर. बोरिवलीला माझ्या बहिणीकडे गेलं की तिचे यजमान दर वेळी विचारायचे, म्हणजे प्रभाकरराव तिथे नक्की करतात तरी काय? मग घरी परतल्यावर माझी सरबत्ती सुरू. तुला पुढे व्हायला काय होतं, तोंड दिलंय ना देवाने, मागे राहणाऱ्याच्या पदरात मागचंच पडतं. तो ऐकून घ्यायचा आणि बुटांच्या तळाची माती काडीने खरवडत बसायचा. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

पुढे न होण्याचं कारण त्याच्यापाशी होतं, आणि ते मला ठाऊकही होतं. पण ठाऊक असणं आणि मनावर घेणं यांत फार अंतर असतं. सामन्याच्या आदल्या दिवशी जिमखान्याबाहेर काचेच्या फलकात पंधरा जणांची यादी लागते. ती मुख्य प्रशिक्षकाने स्वतःच्या हाताने लिहायची, टंकलेली चालत नाही, अशी त्या कॉलेजची जुनी रीत आहे. अकरा वर्षांपूर्वी तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक कर्णिक सर ऐन मोसमात आजारी पडले आणि ती यादी प्रभाकरला लिहावी लागली. शेवटच्या एका जागेसाठी दोन मुलं होती. वाकोल्याचा तुषार, ज्याच्यासारखे हात प्रभाकरने आयुष्यात पाहिले नव्हते, आणि दुसरा एक, जो फलंदाजी बरी करायचा. आपल्या हाताखालच्या मुलाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याने दुसऱ्याचं नाव लिहिलं. तुषारने यादी वाचली, बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधली आणि फाटकाबाहेर पडला. मैदानावर तो परत आला नाही.

महिनाभराने प्रभाकर वाकोल्याला त्याच्या घरी गेला. आईने चहा दिला, म्हणाली, त्याचं काही नाही हो सर, तो विसरलासुद्धा, पवईला एका ऑफिसात चिकटलाय. सगळं अगदी गोड बोलून झालं. पण दाराआडच्या खुंटीवर क्रिकेटची पिशवी टांगलेली होती आणि तीत बाजारातली भाजी होती. एवढंच त्याने मला येऊन सांगितलं. नंतर त्याने ते नाव काढलं नाही आणि मीही काढू दिलं नाही.

या वर्षी कर्णिक सर निवृत्त झाले. प्राचार्यांनी प्रभाकरला बोलावून सांगितलं की मुख्य प्रशिक्षकपद आता तुम्हीच घ्यावं, सोमवारपर्यंत, म्हणजे दहा दिवसांत, कळवा. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा माझ्या हातात पिठाचा गोळा होता. तो तसाच परातीत टाकून मी खाली उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोभर पेढे आणले आणि सोसायटीतल्या अठ्ठावीस दारांची बेल वाजवली. बहिणीला फोन केला, यजमानांना मुद्दाम बोलायला लावलं. आयुष्यभराची भूक होती ती, एका संध्याकाळी भागवून घेतली. प्रभाकर एवढंच म्हणाला होता, बघू. बघू काय, घ्यायचं, असं मी त्याला बजावलं आणि तो विषय माझ्यापुरता मिटला.

मग घरावर एक विचित्र शांतता उतरली. तो मुळात अबोल, पण त्याच्या अबोल्यालाही एक हालचाल असते. शीळ, पाण्याचा तांब्या, पेपराची घडी. ती थांबली. जेवण निम्म्यावर आलं. दुपारभर तो गॅलरीत डोंगराच्या दिशेला तोंड करून बसायचा आणि ऊन त्याच्या पायांवरून सरकत भिंतीवर जायचं तरी हलायचा नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, गप्प माणसाची भूक बोलते. ती बोलत होती, मीच पेढ्यांच्या कैफात होते.

आठव्या दिवशी कपाट आवरताना कॅलेंडरची जुनी पानं सापडली. मागच्या कोऱ्या बाजूंवर त्याच्या गोल अक्षरात याद्या. आजच्या संघाच्या नव्हेत. तीस वर्षांत हाताखालून गेलेल्या मुलांच्या. दर पानावर एक ते पंधरा असे आकडे आधी लिहून घेतलेले, त्यांपुढे नावं, काही खोडलेली, पुन्हा लिहिलेली. पंधराव्यानंतर, आकडा नसलेल्या जागी, प्रत्येक पानावर सोळावं नाव: तुषार. सात पानं होती. मी ती होती तशी ठेवली आणि बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिले. या माणसाला पद मिळतंय या आनंदात, त्याच्यावर काय येतंय हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा घरी विसरून मैदानावर गेला. चष्मा द्यायचं निमित्त करून मी निघाले. खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. सरावाचा सामना चालला होता. पश्चिमेच्या डोंगरावर धुक्याची पट्टी अजून रेंगाळत होती आणि तिरप्या उन्हात मुलांच्या सावल्या त्यांच्याहून उंच दिसत होत्या. एक उंच उडालेला झेल एका सडपातळ मुलाच्या ओंजळीतून निसटला. षटक संपल्यावर तो मुलगा तडक गोलंदाजापाशी गेला, समोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्याकडून सुटला." ऊन डोळ्यांवर आलं, चेंडू ओला होता, यातलं काही नाही. गोलंदाजाने मान हलवली. ही प्रभाकरची शिस्त. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर जाऊन सांगायचं, त्याच दिवशी, कारण न देता.

मग तो मुलगा सीमारेषेवर प्रभाकरच्या शेजारी येऊन उभा राहिला. पुढचं षटक सुरू व्हायच्या आत प्रभाकरने दोन पावलांवरून अलगद एक चेंडू त्याच्या हातात टाकला, परत घेतला, पुन्हा टाकला. मुलाचे खांदे हळूहळू खाली आले. मुख्य प्रशिक्षक म्हणून ज्याच्या हातात उद्या यादी असेल त्याच्या शेजारी हे पोर असं येऊन उभं राहिलं असतं का? आणि समोरून पाहिला तर माझा नवरा, घरात आठ दिवस विझून गेलेला, इथे आतून उजेड लावल्यासारखा दिसत होता. चष्मा मी शिपायाकडे दिला आणि त्याला न भेटताच घरी आले.

संध्याकाळी तो आला, हातपाय धुतले, गॅलरीत बसला. मी समोरची खुर्ची ओढली. आयुष्यभर शब्द विकून पोट भरलेली बाई मी, पण त्या क्षणी माझ्यापाशी त्याच्याच मैदानावरचं एक वाक्य होतं.

"प्रभाकर, माझ्याकडून सुटला," मी म्हटलं.

त्याला कळेना. काय सुटलं, म्हणाला. मग मी सांगितलं. की तीस वर्षं मी तुला कमी आहेस, कमी आहेस असं सांगत राहिले. तू कमी नव्हतास, मलाच तुझं काम बघता आलं नाही. ते पद नको घेऊस. सोमवारची वाट कशाला बघायची, आत्ताच फोन कर.

त्याने आधी पेढ्यांचं काय, असं विचारलं. मी म्हटलं, लोकांनी खाल्ले, पचवलेही, आता काय परत मागायचेत? तेव्हा त्याच्या छातीतून एक दीर्घ श्वास बाहेर पडला, इतका खोल की मला तो ऐकू आला. घरात मालवणी तो क्वचित बोलतो, अगदी तळातून काही यायचं असेल तेव्हाच.

"माका नको होता गो ता," तो म्हणाला.

मग आठ दिवस तोंडाला कुलूप का लावून बसलास, मी विचारलं, आणि माझा आवाज नेहमीसारखाच चढला. तो कठड्याकडे बघत म्हणाला, "माझ्यामुळे तू एवढी खूश झालेली मी पहिल्यांदाच बघितली. कसा नाही म्हणणार?"

मी रडले. अगदी हमसून नाही, पण रडले, आणि तो शेजारी बसून राहिला. त्याला तेच येतं.

त्याने प्राचार्यांना फोन केला. त्यांनी आग्रह केला, मग समजूनही घेतलं. पद आता एका तरुण माणसाकडे गेलंय, चांगला आहे, यादी धीटपणे लिहितो. शेजारच्या पाटणकर वहिनींनी विचारलंच, काय गं, पेढे तर वाटलेस! मी म्हटलं, हो, आणि नाही म्हणाला त्याचे वेगळे वाटायचेत. त्या हसल्या आणि विषय संपला. ज्या लोकांच्या नजरेची मी आयुष्यभर धास्ती घेतली, त्यांनी दोन मिनिटांपलीकडे या गोष्टीला वेळही दिला नाही. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं हलकं वाटलं.

तुषारचं काही कळलं नाही. कदाचित तो खरंच विसरला असेल, कदाचित नसेल. काही झेल कायमचे सुटतात आणि गवतात पडून राहतात, त्याला इलाज नाही.

वय आता आमच्या दोघांच्याही सांध्यांत येऊन बसलंय. पुढे कधीतरी या घरात एकच ताट मांडलं जाईल. तेव्हा मागे मी उरले, तर मोठं असं काही आठवायला हाताशी नसलं तरी चालेल. त्या संध्याकाळी तो फोन ठेवून जेवायला बसला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, अजून थोडा भात वाढ. तेवढं मला उरलेल्या काळाला पुरेल.