पाच मार्कांवरचा अंगठा

मी बोलतोय, जर्मन बादशाहीतला चांदीचा पाच मार्क, म्हणजे तिथलं जुनं नाणं. एका अंगावर मिशाळ बादशहा, दुसऱ्यावर पंख पसरलेला गरुड. साच्याच्या एका दणक्यात जन्मलो आणि लगेच एका कंजूष माणसाच्या बरणीत पडलो. तो मला तिथेच विसरला, त्याचं भलं होवो! माझे भाईबंद बाजारात फिरून फिरून गुळगुळीत झाले. माझ्या बादशहाच्या मिशीचा मात्र केसन् केस शाबूत.

पुढे मला नाणी जमवायचा छंद असलेल्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थांनी विकत घेतलं. माणूस लाखात एक, पण हट्टी. मला घेऊन घरी आले तेव्हा मालकीणबाई शिवणयंत्राला तेल घालत होत्या.

"अगं, बघ काय आणलंय!"

"छान आहे हो," त्या लांबूनच म्हणाल्या. झालं, मी कपाटात गेलो.

काही दिवसांनी बादशहाच्या मानेमागे अंगठ्याचा काळसर ठसा उमटला. चांदीचं असंच असतं, हात आज लागतो आणि डाग सावकाश वर येतो.

"तेलाचे हात लावलेस ना?" मालक कडाडले.

"अहो, मी शिवलेसुद्धा नाही!"

ऐकतो कोण? कपाटाला कुलूप लागलं आणि मालकीणबाईंना नाण्यांना हात लावायची बंदी झाली. पाहुणे आले की मालक मला दाखवून म्हणायचे, "ही आमच्या सौभाग्यवतींची सही." सगळे हसायचे. त्याही हसायच्या, पण आत जाऊन भांडी जरा जोरात आपटायच्या. मला फार वाईट वाटायचं. अंगठा कुणाचा ते मला पक्कं ठाऊक होतं, पण सांगणार कसा? माझ्यावरचं तोंड बादशहाचं, ते काही उघडत नाही.

अशी बरीच वर्षं गेली. परवा दोघं मला एका पारखीबाईंकडे घेऊन गेली. या बाई भिंगातून बघून नाण्याचा दर्जा ठरवतात. आमच्या दर्जांची नावं मोठी फसवी बरं का! 'सुंदर' म्हणजे पार झिजलेलं आणि 'फार सुंदर' म्हणजे जेमतेम. मालकांना हवा होता 'अव्वल'.

"मिशी झकास आहे काका, पण या ठशामुळे अव्वल नाही देता येणार."

"हिचाच प्रताप!"

बाईंनी पुन्हा भिंग लावलं. "ठशात आडवी रेघ दिसतेय, जुन्या जखमेची. काकू, अंगठे बघू?"

मालकीणबाईंचे दोन्ही अंगठे कोरे. मालकांनी हळूच हात खिशात घातला.

"अहो, काढा बाहेर!"

पुठ्ठा कापताना कधीतरी सुरी लागलेली, तिची खूण उजव्या अंगठ्यावर आरपार होती.

"म्हणजे... मीच?"

"नाहीतर काय, गरुडानं?" मालकीणबाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेचना.

"चुकलो गं," मालक म्हणाले.

"डाग औषधात बुडवून काढता येईल," पारखीबाई म्हणाल्या.

"खबरदार!" मालकीणबाईंनी डोळे पुसले. "पुरावा आहे तो माझा!"

तर मी अव्वल झालो नाही, 'उत्तम'वर थांबलो, आणि मजेत आहे. नाणी जमवणाऱ्यांनो, एवढंच सांगणं: दुसऱ्याचे हात बघण्याआधी जरा आपले बघत चला.

घरी आल्यावर मालकांनी कुलूप काढलं आणि मला पुढे केलं. "घे, तूच ठेव."

मालकीणबाईंनी मला अलगद कडेनं चिमटीत धरलं. ना बादशहाला बोट लागलं, ना गरुडाला.

मालक बघतच राहिले. "हे कुठे शिकलीस?"

"इतकी वर्षं लांबून दुसरं काय करत होते?"