एकविसावं बाकडं

आमच्या ह्यांना आठवड्यातून दोनदा वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात डायलिसिससाठी न्यावं लागतं. वर्ध्याची एसटी गाडी आमच्या फाट्यावरूनच जाते, पण थांबत नाही. थांबा तीन किलोमीटर पुढे. आणि ह्यांना तर आताशा तुळशीपर्यंतही धड चालवत नाही.

मी आमदारसाहेबांना अर्ज केला. फाट्यावर गाडी थांबावी, ही विनंती. दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून सिमेंटचं बाकडं आलं. पाठीवर साहेबांचं नाव.

मी कचेरीत फोन लावला. त्यांचे सहायक प्रेमदास बोलले, "काकू, दखल घेतली ना तुमची! बाकडं भेटलं का?"

"भेटलं बाप्पा. पण मी त गाडी मांगतली होती."

"मग आणखी अर्ज करा."

देव तरी पहिल्या हाकेला कुठे धावतो? मी नेम धरला. पहिला धरून एकवीस अर्ज. रोज तुळशीला पाणी घालायचं, अर्ज लिहायचा, मगच चहा.

बाकडी येत राहिली. देवळापुढे, शाळेपुढे, उकिरड्यावरसुद्धा. शेजारच्या धुरपताच्या गोठ्यात एक ठेवलं, तशी ती कुंपणावरून ओरडली, "काकू, सोड वं तुहा नेम! माह्या म्हशीले उभं राहाले जागा नाई!"

"एकच राह्यला वं. अर्ध्यात कसा मोडू?"

एकविसावं बाकडं गुरुवारी सकाळी आलं. गावात जागाच उरली नव्हती. टेम्पोवाल्यांनी ते फाट्यावर, डांबरी रस्त्याच्या मधोमध ठेवलं, फोटो काढला आणि निघून गेले.

ह्यांना घेऊन मी निघाले. घरापासून फाट्यापर्यंत हे बाकड्याबाकड्यावर टेकत आले. तेवढ्यात गाडी आली आणि जन्मात पहिल्यांदा थांबली.

"कोनाचं हाये हे?" ड्रायव्हर ओरडला. "आमदाराले अर्ज करा, हटवाले सांगा!"

"अर्ज केला त अजून एक येईन, भाऊ," मी हळूच म्हणाले.

त्यानं गावभरच्या बाकड्यांवर नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. कंडक्टर मात्र बाही सरसावून बाकडं ढकलायला उतरला. ते बाजूला झालं असतं, तर सोमवारी गाडी पुन्हा सुसाट गेली असती.

माझ्या पिशवीत पूजेची डबी असतेच. मी साहेबांच्या नावावर हळदकुंकू वाहिलं, जास्वंद ठेवली, डोळे मिटून हात जोडले. व्रताचं उद्यापन तसंही बाकीच होतं.

डोळे उघडले तर कंडक्टर चपला काढून उभा.

"आता कसं हलवावं, माय?" तो म्हणाला. "चढवा काकाजीले."

गाडी रस्त्याखाली उतरून, बाकड्याला उजवीकडे ठेवून पुढे गेली.

सोमवारी ती आपणहून थांबली. कंडक्टरनं आधी बाकड्यापुढे नारळ फोडला, मग ह्यांना हात दिला.