अकरा ठोके

"वहिनी, आलात का?" महाराजांनी संगणकाच्या उघड्या डब्याला विचारलं.

टक्.

खोलीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांच्या अंगावर काटा आला. दारातल्या बायकांनी हात जोडले. खिडकीतून डोकावणारा दूधवाला किटली हातात धरून तसाच उभा राहिला.

"एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही," महाराज म्हणाले. "देह गेला, पण माउली या चकतीत, या हार्ड डिस्कमध्ये विसावली. आत्मा म्हणजे डेटाच, भक्तहो! फॉरमॅट होतो, डिलीट होत नाही!"

हे महाराज तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत नाक्यावर संगणक दुरुस्त करत. आता गळ्यात जुन्या मेमरी-पट्ट्यांची माळ होती आणि टेबलावरून जमिनीपर्यंत भगवी चादर सोडलेली होती.

घड्याळकाका कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. बायको जाऊन त्यांना चार महिने झाले होते. संगणक तिचाच. नातीसाठी तिने स्वतःच्या आवाजात चाळीस गोष्टी त्यात भरून ठेवल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी तो सुरू होईना, आतून टकटक येऊ लागली, म्हणून लेकीने या माणसाला बोलावलं. त्याला दुरुस्ती जमली नाही, तेव्हा त्याने आत्मा शोधून काढला.

पहिल्या दिवशी काकांनीही विचारलं होतं, "शेवटी फार दुखलं का गं?" दोन ठोके आले. नाही. ती गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ते पोटभर जेवले. आता ते जेवण आठवलं तरी त्यांना शिसारी येत होती.

कारण काल घरात कोणी नसताना त्यांनी स्वतः बटण दाबलं होतं. काहीच न विचारता. चकतीने ठोके दिले अकरा, आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा अकरा. चाळीस वर्षं कानाने घड्याळं पारखलेल्या माणसाची मोजणी चुकत नाही. ते तडक वरच्या मजल्यावरच्या संगणकाच्या बाईंकडे गेले होते. त्या शाळेत शिकवत; उद्या येऊन बघते, म्हणाल्या.

"वहिनी," महाराजांचा आवाज गहिवरला, "लेकीच्या हातातल्या तुमच्या बांगड्या मुक्तीसाठी अर्पण कराव्यात का?"

टक्.

लेक रडत रडत बांगडी उतरवू लागली.

"थांब," काका उठले. "मला एक विचारायचंय तुझ्या आईला."

"विचारा ना, काका, निःसंकोच—"

काकांनी चादर वर केली. खाली वायरींचा बोर्ड होता आणि बोर्डाच्या बटणावर महाराजांचा अंगठा. पायाचा.

"हा पाय जरा बाजूला घे. आता बटण मी दाबतो. सांग गं, आपल्याला मुलं किती?"

टक्, टक्, टक्... अकरा.

"अकरा?" शेजारीण उद्गारली. "अहो, यांना तर एकच!"

"दोन आणि दोन किती?"

अकरा.

"हा माणूस चोर आहे का?"

अकरा. कोणीतरी फिसकन हसलं.

"आत्मा कोपलाय!" महाराज ओरडले. "लोखंडी मनाच्या माणसापुढे तो—"

"काका, आधी ते बंद करा!" दारातून बाईंचा आवाज आला. "तुम्ही अजून ती चालवताय?" त्यांनी घाईने वायर उपटली आणि पिशवीतून दुसरी चकती काढून जोडली. तीही टकटकली. "ही शाळेची. हिच्यात सातवीच्या परीक्षेचे मार्क होते. सांगा महाराज, यात कोण वारलंय?"

दूधवाला खो खो हसला. महाराज माळ सावरत चपला शोधू लागले.

"अहो, आत एक बारीक दांडी असते, चकतीवरचं वाचणारी," बाई म्हणाल्या. "ती बिघडली की वाचायला जाते, जमत नाही, परत येऊन आपटते. तोच हा आवाज. ठरावीक वेळा करून बघते आणि थांबते. याने मध्येच वीज तोडली की एक ठोका, जरा उशिरा तोडली की दोन."

"मग आईच्या गोष्टी काढता येतील ना?" लेकीने विचारलं.

बाईंनी जुनी चकती हातात घेतली. "पहिल्याच दिवशी वीज काढली असती, तर बहुतेक निघाल्या असत्या. पण बिघडलेली दांडी दर वेळी चकती खरवडते. तीन आठवडे..."

या तीन आठवड्यांत प्रत्येकाने काही ना काही विचारलं होतं. हरवलेली किल्ली, मुलाची नोकरी, पावसाचा अंदाज. काकांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. काल दोनदा आणि आज तीनदा बटण त्यांनीही दाबलं होतं.

चकती तपासायला पाठवली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: काही उरलेलं नाही.

बाईंनी नवी चकती बसवली आणि सगळी प्रणाली पहिल्यापासून टाकली. तासभर पडद्यावर एक रेघ पुढे सरकत राहिली. शेवटी यंत्राने विचारलं, जुनी माहिती आणायची आहे का? दोनच पर्याय होते. काकांनी 'नाही' दाबलं.

पडदा स्वच्छ निघाला. एकही फाईल नव्हती.

चोराचा राग काकांना आलाच, पण किळस आली ती त्या खोलीतल्या भक्तीची, आणि तीत त्यांची स्वतःचीही होती. तुमच्या घरातली चकती टकटकू लागली तर आधी वीज काढा आणि जाणत्या माणसाला विचारा. गेलेलं माणूस ठोके देत नाही. आणि कोणी देऊन दाखवलेच, तर हात जोडण्याआधी चादर उचला आणि त्याचा पाय कुठे आहे ते बघा.