दोन खोल्यांचे आकडे

मला पहिल्यापासून संशय होता. गुंजन, म्हणजे माझी सून, जेवणाच्या टेबलाशी बसून फोनवर हवा मोजायची यंत्रं बघायची आणि मी जवळून गेले की फोन किंचित तिरका करायची. आता तिरका कशाला करायचा? बघतेस तर सरळ बघ की. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. बाकाखाली चिठ्ठी धरलेलं पोर मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं.

सगळं सुरू झालं पावनीच्या खोकल्यावरून. पावनी माझी नात, पाच वर्षांची, माझी पुट्टी, म्हणजे कन्नडात छोटुकली. तान्ही होती तेव्हापासून माझ्या खोलीत, माझ्या कुशीत झोपायची. माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. दिवाळीनंतर तिला खोकला झाला आणि जाईना. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टर प्रार्थना म्हणाल्या, घरातल्या हवेकडे लक्ष द्या, धूळ, धूर टाळा. झालं! घरी आल्या आल्या गुंजनने माझ्या पलंगावरची पावनीची उशी उचलली आणि आपल्या खोलीत नेली. थोडे दिवस, आई, असं म्हणाली. थोडे म्हणजे किती, ते काही बोलली नाही. दुपारची झोपसुद्धा तिकडेच, असा हुकूम.

कारण काय, तर माझ्या खोलीत देव आहेत आणि देवांपुढे उदबत्ती असते. बरं बाई. मी दुसऱ्या दिवसापासून उदबत्ती बाल्कनीत लावायला लागले. देवांना हात जोडून सांगितलं, आयतु, ठीक आहे, काही दिवस सांभाळून घ्या. तरी उशी परत आली नाही. तीन आठवडे झाले. मला एकटीला त्या पलंगावर झोप लागेना, आणि ते मी कोणाला सांगणार? विक्रांतला सांगितलं असतं, पण माझा मुलगा म्हणजे दोन्हीकडे मान हलवणारा माणूस.

शेवटी एका रविवारी यंत्र निवडायची बैठक झाली आणि मी खुर्ची ओढून मधोमध बसले. गुंजनने तीन यंत्रं काढून ठेवली होती. एकाला नुसता दिवा होता. हवा चांगली तर हिरवा, वाईट तर लाल. मी म्हटलं, हिरवा म्हणजे किती? काठावर पास आणि पहिला नंबर दोघांना एकच रंग देणार का? दुसरं बोलणारं होतं. त्याला नाव घेऊन हाक मारायची आणि ते उत्तर देणार. जे उत्तर देतं ते ऐकतही असणार, म्हणजे मी बहिणीशी बन्नूरला फोनवर काय बोलते तेही त्याला कळणार. ते मी घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवलं. तिसऱ्याचा आकडा फक्त फोनमध्ये दिसायचा, आणि फोन कोणाचा, तर गुंजनचा. म्हणजे ती सांगेल ती हवा!

मग मीच चौथं शोधलं. ते हवेतले बारीक कण मोजतं, त्याचा मोठा आकडा तोंडावरच दिसतो, आणि फोनवरही जातो. आणि एक नाही, दोन घ्यायची म्हटलं. एक माझ्या खोलीत, एक त्यांच्या. विक्रांत हसायला लागला, म्हणाला, अम्मा, ही काय निवडणूक आहे का? मी म्हटलं, हो, तसंच समज. गुंजन मात्र लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच हो म्हणाली की माझा संशय आणखी वाढला.

यंत्रं आली. मी दोन्ही एक दिवस टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. प्रयोगाआधी मोजमापाची साधनं तपासायची असतात, हे मी मुलांना शिकवलंय. दोघांत तीनचा फरक निघाला, तो मी वहीत लिहून ठेवला. मग एकेक यंत्र एकेका खोलीत गेलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी आकडे लिहू लागले. माझी खोली एकतीस, त्यांची एकोणतीस. माझी अठ्ठावीस, त्यांची तीस. आठवडाभर हेच. दोन खोल्यांच्या हवेत काडीचा फरक नव्हता.

मी वही गुंजनपुढे ठेवली. तिने सगळी पानं नीट बघितली, हेही सांगायला हवं. मग म्हणाली, अजून थोडे दिवस बघू या, आई. माझं पित्त खवळलं. आकडेच बघायचे होते ना? मग हे काय आहे?

त्याच संध्याकाळी ती गच्चीवर कपडे काढता काढता नाशिकला आईशी फोनवर बोलत होती. मी जिन्यात होते. चोरून ऐकायला गेले नव्हते, पण ऐकू आल्यावर थांबले, खोटं कशाला बोलू! ती म्हणत होती, "आता कुठे तिला माझी सवय लागतेय गं. पाच वर्षांनी पहिल्यांदा झोपेत मला हाक मारली तिने." मी तशीच खाली आले. म्हणजे खोकला नव्हे, हवा नव्हे. पाणी इथे मुरत होतं! माझ्या पोरीला माझ्यापासून तोडायचं होतं आणि नाव हवेचं.

आता मी काय केलं ते सांगते. सांगायला जीभ वळत नाही, पण सांगते.

आमच्याकडे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या आम्हा मराठी घरांत, बाळाला न्हाऊ घातलं की सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर देतात. निखाऱ्यावर सांब्राणीचे खडे टाकायचे, वर टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर ओले केस पसरायचे. माझ्या आईने मला दिला, मी विक्रांतला दिला. या धुराने सर्दी जाते, दृष्ट जाते, हे मी अंगाईबरोबर ऐकलेलं. हल्ली निखारे नकोत, सांब्राणीचे तयार कप मिळतात, काडी लावली की दहा मिनिटं धुमसतात. माझ्या मनात आलं की यंत्राला काय कळतंय, धूर लॉरीचा की सांब्राणीचा? त्याला दोन्ही सारखेच. आकडा चढेल. आणि पोरीला? पोरीला सांब्राणीने काय होणार? उलट बरंच वाटेल.

ज्वलन शिकवलेली बाई मी. पण सांब्राणी आणि ज्वलन हे दोन धडे माझ्या डोक्यात कधी शेजारी आलेच नव्हते.

विक्रांत-गुंजन नऊला कामावर जायचे. पावनीची रिक्षा एक वाजता यायची. मी अकरा वाजता त्यांच्या खोलीत कप लावला आणि यंत्रासमोर खुर्ची घेऊन बसले. साठ. एकशे दहा. दोनशे चाळीस! परीक्षेत पहिली आल्यासारखा मला आनंद झाला. मग खिडक्या उघडल्या, राख मोरीत ओतली. वासाबद्दल कोणी विचारलंच तर बाल्कनीतल्या उदबत्तीवर ढकलायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी गुंजन ऑफिसातून आली ती थेट खोलीत शिरली. फोनवर तिला दिवसभराची रेघ दिसली होती. रस्त्याची धूळ असेल म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने पडदे धुतले, गादी उन्हात टाकली, एसीची जाळी काढून घासली. आठवड्याने म्हणाली, आई, मी गेल्यावर आमच्या खिडक्या घट्ट लावून घ्याल का, बाहेरूनच येतंय सगळं. मी हो म्हटलं. खिडक्या लावल्या, आणि कप आतच. आता आकडा उतरेना. माझं काम आणखी सोपं झालं.

पावनीचा खोकला वाढत होता. ते मला दिसत नव्हतं असं नाही. मी म्हणायचे, थंडी पडली आहे, पोरीला कानटोपी घाला. स्वतःलाही तेच सांगायचे.

त्या गुरुवारी मी दोन कप लावले. म्हटलं, आज आकडा असा चढू दे की गुंजन उशी स्वतः उचलून आणेल. पावनी आली, जेवली, आणि मी तिला त्यांच्या खोलीत निजवलं. धूर डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणजे गेला, असं मी धरलं. यंत्राकडे बघितलं नाही. मी हॉलमध्ये तांदूळ निवडत बसले. तीनच्या सुमाराला ती दारात येऊन उभी राहिली. खोकत नव्हती. खोकायलाही तिच्याकडे श्वास नव्हता. खांदे वर ओढले जात होते, गळ्याखाली खड्डा पडत होता, ओठ जांभळट दिसत होते. तिला अज्जी म्हणायचं होतं, पण नुसतंच तोंड उघडलं.

मी तिला उचललं, अनवाणीच रस्त्यावर आले, रिक्षा थांबवली, रिक्षातून गुंजनला फोन केला. ती माझ्या पाठोपाठ दहा मिनिटांत दवाखान्यात पोचली. तोवर पावनीच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला होता. डॉक्टर प्रार्थना तिची पाठ तपासत होत्या. गुंजनने पावनीचा पाय हातात धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, एवढं अचानक कशाने झालं? घरात कसला धूर? मच्छर कॉइल, धूप, रंगकाम?

मी पावनीच्या मास्कची नळी सरळ करायला लागले.

गुंजन म्हणाली, "नाही डॉक्टर, धूर अजिबात नाही. आई तर उदबत्तीसुद्धा बाहेर लावतात, पावनीसाठी देव सोडून उठतात त्या. आमचीच खोली खराब आहे. रोज अकरा वाजता आकडा चढतो, मला कारणच सापडत नाही. आईंच्या खोलीतली हवा चांगली आहे, त्या केव्हापासून सांगतायत. मीच हट्टाने तिला माझ्याकडे ठेवलं." तिचा आवाज फुटला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजपासून ती तुमच्याकडेच झोपेल, आई."

हेच मला हवं होतं. दीड महिना याच एका वाक्यासाठी मी रात्री कूस बदलत होते. आणि ती स्वतःहून देत होती, माझी बाजू घेऊन, भर दवाखान्यात. मी गप्प बसले असते तर त्याच संध्याकाळी पावनी माझ्या पलंगावर असती. कोणाला काही कळलं नसतं. डॉक्टर कागद ओढून म्हणत होत्या की कारण मिळत नसेल तर आजच दाखल करून घेऊ, आणखी जोराचं औषध सुरू करावं लागेल.

मास्कच्या आत पावनीचा श्वास घरघरत होता.

मी म्हटलं, "धूर होता, डॉक्टर. सांब्राणीचा. मी लावत होते, यांच्या खोलीत, दार-खिडक्या लावून. आज दोन कप लावले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गुंजन माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला ते कळलंच नाही. मग कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तयार होते, विक्रांतसमोर, सगळ्या आळीसमोर ओरडली असती तरी. तिने एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"अकरा."

"अकरा दिवस मी गादी उन्हात टाकत होते," ती म्हणाली आणि परत पावनीकडे वळली.

पावनीला दाखल करावं लागलं नाही. कारण कळल्यामुळे औषध वेगळं दिलं, सहा वाजता तिचा श्वास मार्गी लागला, तिने बिस्कीट मागितलं. विक्रांत आला आणि आम्हा सगळ्यांना घरी घेऊन गेला. घरी गेल्यावर मी उरलेले कप काढून विक्रांतच्या हातात दिले आणि झालेलं सगळं त्याला सांगितलं, जिन्यात ऐकलेलंही. तो पहिल्यांदाच मान न हलवता ऐकत होता. मी गुंजनची क्षमा मागितली. ती म्हणाली, जेवून घ्या, आई. तिने वाढलंही. माफ केलं, असं म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी ती कामावर जायला निघाली, पर्स खांद्याला अडकवली, आणि आपल्या खोलीच्या दाराशी थांबली. खिशातून नवं कुलूप काढलं. मी लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरात आतल्या कुठल्या दाराला कुलूप लागलेलं नव्हतं. तिने ते लावलं, ओढून बघितलं, किल्ली पर्समध्ये टाकली. माझ्याकडे बघून म्हणाली, पावनी शाळेतून आली की हॉलमध्येच झोपवा, दिवाणावर, पंख्याखाली. मी हो म्हटलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तिच्या जागी मी असते तर दोन कुलपं लावली असती.

दुपारी पावनी आली. दप्तर टाकून आपली बाहुली आणायला आईच्या खोलीकडे धावली आणि दाराशी अडली. कुलूप हातात धरून हलवून बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"अज्जी, आईने खोलीला बीग का घातलंय?"

बीग म्हणजे कुलूप, आमच्या घरातला कन्नड शब्द. ती माझ्याकडूनच शिकलेली. काहीतरी थाप मारता आली असती, मांजर शिरतं, धूळ येते. थापा मारायची मला त्या पंधरवड्यात चांगली सवय झाली होती.

"माझ्यामुळे, पुट्टी," मी म्हटलं.